अध्यक्षांना उद्देशून

पौष शुद्ध एकादशी, शके १८६०

राधेला मुन्सिपालटीतून ही वही फुकट मिळाली. मेंबरांना देतात म्हणे. तिनं ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "सासूबाई, लिहा काहीतरी." मी मराठी दुसरीपर्यंत शिकले. काय लिहिणार? उपास आहे. शेंगदाणे खवट निघाले.

पण आठवड्यातल्या दोन-तीन दुपारी सून घरात नसते, मग बोलायचं कुणाशी? माझा मुलगा वेंकटेश वकील आहे. तो कोर्टात पैसे घेऊन बोलतो, घरात फुकट बोलत नाही. म्हणून ही वही. छापील तारखा इंग्रजी आहेत, त्यांच्या डोक्यावर मी माझ्या तिथी लिहीन.

राधा मुलींच्या शाळेत मास्तरीण होती. गेल्या वर्षी बायकांच्या राखीव जागेवर निवडून आली. मी मत दिलं नाही. घरपट्टी माझ्या नावावर नाही, त्यामुळे मला मतच नाही. असतं तर दिलं असतं की नाही, ते सांगत नाही.

संक्रांत

विठ्ठलभावजी तिळगूळ घ्यायला आले. हे माझे धाकटे दीर, रस्त्यापलीकडे राहतात. मी नऊ वर्षांची या घरात आले तेव्हा ते चार वर्षांचे होते. मी त्यांचं नाक पुसलेलं आहे. आता ते मुन्सिपालटीचे अध्यक्ष आहेत आणि स्वतःचं नाक स्वतः पुसतात.

आमच्या घरात सून चुलतसासऱ्याशी बोलत नाही. माझ्या सासूबाईंनी घालून दिलेली रीत, मी पुढे चालवली. राधेला येऊन बारा वर्षं झाली. भावजी ओसरीवर, ती दाराआड आणि मधे मी. तिचं त्यांना सांगायचं, त्यांचं तिला. दोघांनाही एकमेकांचं सगळं ऐकू येतं, तरी सांगायचं.

आज त्यांच्या बजेटाचा विषय निघाला. मार्च संपायच्या आत पुढच्या वर्षाचा जमाखर्च आधीच ठरवून ठेवायचा असतो. ठरला की एक प्रत कलेक्टरकडे जाते.

भावजी म्हणाले, "वहिनी, तिला सांगा, यंदा बगिच्यात कारंजं बसवतोय. पुण्यात पाहिलं होतं मी. बाराशे रुपये."

राधा आतून म्हणाली, "सासूबाई, त्यांना विचारा, उन्हाळ्यात आपल्या नळाला करंगळीएवढी धार येते, मग कारंज्याला पाणी कुठलं?"

मी भावजींना म्हटलं, "ती म्हणते, छान कल्पना आहे."

"हं," भावजी म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मग राधा म्हणाली, "त्यांना सांगा, भाजीबाजारात बायकांसाठी संडास हवेत. खेड्यांतनं येणाऱ्या बायका दिवस उगवल्यापासून बसतात. त्यांना जायला जागा नाही."

माझ्या हातून तिळगुळाची वाटी पडायची राहिली. दिरासमोर हा शब्द मी आयुष्यात उच्चारला नाही. मी म्हटलं, "ती म्हणते, बाजारातल्या बायकांची सोय करा."

"कसली सोय?"

"आता सोय म्हणजे काय, ते मी सांगू?"

भावजींचे कान लाल झाले. चहा बशीत न ओतता तसाच प्यायले आणि तोंड भाजून घेतलं. जाताना म्हणाले, "तिला सांगा, कमिटीत बघतो."

पौष वद्य त्रयोदशी

बजेट कसं करतात ते राधेनं मला भाकरी थापता थापता सांगितलं. हेडक्लार्क दत्तात्रेय गेल्या वर्षीचे आकडे काढतो. त्यांना थोडी फोडणी देतो. मग ते कमिटीपुढे जातं. तिथं सात जण आपापल्या गल्लीकडे ओढतात, कुणी दिवा ओढतो, कुणी गटार. ओढून ओढून जमेपेक्षा खर्च वर गेला की परत कापायला बसतात. कापताना मात्र प्रत्येकाला दुसऱ्याची गल्ली दिसते. मग ते सगळ्या मेंबरांच्या सभेत जातं. तिथं एकेक बाब मोठ्यानं वाचायची आणि "हरकत?" म्हणून विचारायचं. कुणी उठलं नाही तर मंजूर.

मी म्हटलं, "म्हणजे गप्प बसणारा हो म्हणतो."

ती म्हणाली, "होय की." आणि तव्यावरची भाकरी उलटायची विसरली.

रथसप्तमी

कमिटीतून बजेट बाहेर आलं. कारंजं आहे. सोय नाही.

राधा पाट्यावर वाटायला बसली. वाटण एवढं बारीक वाटलं की चटणीची खीर झाली. वेंकटेशनं मुकाट्यानं खाल्ली.

संध्याकाळी मी भावजींना गाठलं. "काय झालं त्याचं?"

"वहिनी, कमिटीत सात पुरुष. गटारावर तासभर बोललो, मेलेलं कुत्रं कोणी उचलायचं त्यावर बोललो. पण बायकांचं ते… तो शब्द मी तरी कसा काढू? उद्या सगळे म्हणतील, अध्यक्षांच्या घरात ह्याच गप्पा चालतात."

मला त्यांचा राग आला नाही. मीही काढला नव्हता.

माघ शुद्ध, मंगळवार

आज बाजार. सोनाबाईकडून वांगी घेतली. ही अळणावरकडची, आगगाडीनं टोपल्या घेऊन येते. गेली कित्येक वर्षं मी तिच्याशी भाव करते आणि ती मला लुबाडते, असं आमचं छान चाललं आहे.

इकडे सगळा कानडी मुलूख, म्हणून ती आम्हाला अक्का म्हणते. म्हणाली, "वेणक्का, आमची राधाक्का सभेत बोलतच न्हाई म्हणं."

"कोण म्हणतं?"

"पावती फाडणारा शिपाई. सगळे हसत्यात म्हणं. बायकांच्या खुर्चीवर मखरातली गौर बसवलीया, वर्षभर तोंड उघडलं न्हाई. आमी तिला सांगितलं व्हतं आमचं दुखणं. ती व्हय म्हणाली व्हती."

मी वांगी घेतली. भाव करायला विसरले. तिनं वरून दोन जास्त घातली, तेव्हा कळलं की माझ्या तोंडाकडे बघून घातली. तसली दोन वांगी मला नकोत. परत ठेवली.

गौर म्हणे. आमची राधा बोलत नाही? माझ्याशी बारा वर्षं वाद घालते आहे. धुण्याचा साबण, पंचांग, हरबऱ्याची उसळ, एक विषय सोडलेला नाही. बोलण्यात तिला मी हरवू शकत नाही, तिथं ते पागोटेवाले काय हरवणार?

दुसऱ्या दिवशी

विचारलं तिला. म्हटलं, "सभेत का बोलत नाहीस?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. म्हणाली, "सभेचा नियम आहे, सासूबाई. जे काय बोलायचं ते उभं राहून, अध्यक्षांना उद्देशून बोलायचं. दुसऱ्या मेंबरांकडे बघूनही बोलायचं नाही."

"मग?"

"मग अध्यक्ष कोण आहेत?"

मी म्हटलं, "आमटी लागली बघ खाली." आमटी लागली नव्हती.

मग तिनंच सांगितलं. दुसऱ्या दोन मेंबरांना तिनं विनवलं, तुम्ही मांडा. एक म्हणाला, बायको हसेल. दुसरा म्हणाला, जरा चांगल्या शब्दांत काही बसतं का बघा, सार्वजनिक कल्याण वगैरे. बजेटात कल्याण लिहिलं तर त्याचं कारंजं होतं, असं राधा म्हणाली.

माघ वद्य, मंगळवार

ऐकीव गोष्टीवर मी भांडत नाही. म्हणून आज सकाळी जाऊन सोनाबाईच्या गोणपाटावर बसले. लोक बघत होते. विधवा बाई, लाल आलवण, पुढे वांग्यांचा ढीग. एकानं मला भाव विचारला. मी सांगितलेला भाव ऐकून तो गेला. सोनाबाई म्हणाली, "वेणक्का, तुमी नुस्तं बसा."

ऊन चढलं. तिच्या पलीकडे कोथिंबीरवाली बसली होती, पोटुशी. तिघीजणी उठून वखारीच्या मागच्या बोळात गेल्या. दोघी लुगडी धरून उभ्या राहतात आणि मधे एक बसते. बोळाच्या तोंडाशी हमाल विडी ओढत उभे असतात आणि हलत नाहीत. परत येताना कोथिंबीरवाली पडली. फार लागलं नाही. पाला झटकला आणि परत "ताजी कोतमिर" ओरडायला लागली.

मग माझ्यावरही वेळ आली. सांगायला लाज कसली, म्हातारपणी ती वेळ वरचेवर येते. मी उठले आणि पेठेतल्या अंबूताईंच्या घरी गेले. त्यांच्या परसात जाऊन आले, वर ताक पिऊन आले.

परत आल्यावर सोनाबाईला म्हटलं, "तूही जा की तिथं. मी सांगते त्यांना."

ती म्हणाली, "मला कोण घेतंय परसात?"

खरं आहे. मीही घेतलं नसतं.

घरी येऊन आंघोळ केली. राधेनं विचारलं, कुठं होतात? म्हटलं, देवळात. तिनं माझ्या पदराला चिकटलेला कोथिंबिरीचा पाला काढून टाकला.

महाशिवरात्र

विठ्ठलभावजींना सांगून आले, "बजेटाच्या सभेला मी येणार."

"वहिनी, तिथं बायका येत नाहीत."

"राधा येते."

"ती मेंबर आहे."

"मग मी काय हत्ती आहे? मागं बाकं असतात म्हणे बघणाऱ्यांसाठी."

ते हसले. पण जरा घाबरले असावेत. विचारलं, "तिनं काही ठरवलंय का?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं. तिनं मला विचारलं नाही, मीही तिला विचारलं नाही. रीत मोड म्हणून सुनेला सांगायचं कसं? ती मीच तिच्यावर घातली. घरातल्या रीती दाराच्या कडीसारख्या असतात, आतून लावतात आणि आतूनच निघतात, असं आमचे हे म्हणायचे. ते असते तर विचारलं असतं. नाहीत.

फाल्गुन शुद्ध नवमी

सगळं नीट क्रमानं लिहिते, नाहीतर उद्या मी भर घालीन.

सभेच्या दिवाणखान्यात शेवटच्या बाकावर बसले. शिपायानं विचारलं, "आज्जी, घरपट्टीची तक्रार काय?" म्हटलं, नाही, अजून कुणाचीच तक्रार नाही. राधा पुढे एका टोकाला. तिच्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या. समोर उंचावर विठ्ठलभावजी, कोट आणि पागोटं घालून. घरी बरे दिसतात.

दत्तात्रेयानं वाचायला घेतलं. आधी इंग्रजीत, मग कानडीत. दिवाबत्ती. हरकत? मंजूर. देवीच्या लसी. मंजूर. कोंडवाडा, मोकाट गुरांना नवीन छप्पर आणि पाण्याचं टाकं. मंजूर. मेंबरांतला एक जण घोरत होता, तोही मंजूर.

मग बगीचा. कारंजं, बाराशे. भावजींनी स्वतः घसा साफ करून विचारलं, "हरकत?"

राधा उभी राहिली.

हातातला कागद तिनं उलगडला. लांबून दिसत होतं. सगळे वळून बघायला लागले. घोरणाराही जागा झाला. तिनं समोर भावजींकडे पाहिलं, मान खाली घातली, मग मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडून निघालं, "सासूबाई…"

बारा वर्षांची सवय. आणि ती काय तिलाच होती? एवढ्या पागोट्यांवरून भावजींनी माझ्याकडे बघितलं आणि भर सभेत विचारलं, "वहिनी, काय म्हणते ती?"

हशा पिकला. पुढचा एक लठ्ठ व्यापारी, वखारवाला, कानडीत म्हणाला, "इदेन सभानो, अडगीमनीनो?" म्हणजे ही सभा आहे की स्वैपाकघर. आणखी हसले. राधेचा चेहरा पाहिला मी. पहिल्या बाळंतपणातसुद्धा ती तशी दिसली नव्हती.

मी उठले. शिपाई धावत आला. "आज्जी, बघणाऱ्यांनी बोलायचं नसतं."

म्हटलं, "तेच सांगतेय. भावजी, मला विचारू नका. मी मेंबर नाही. ती मेंबर आहे. तिला विचारा."

आणि खाली बसले. 

भावजींनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला. परत लावला.  मग ते म्हणाले, "राधाबाई, बोला."

बारा वर्षांत पहिल्यांदा तिचं नाव घेतलं. आणि "बोला" म्हणाले, "बोल" नाही.

"अध्यक्षमहाराज," राधा म्हणाली. पहिला शब्द जरा फाटका निघाला, मग सरळ झाला. "कारंज्याला ठेवलेले बाराशे रुपये भाजीबाजारात बायकांचे संडास बांधण्यासाठी द्यावेत, अशी माझी सूचना आहे." एकदा मराठीत म्हणाली आणि मग कानडीत, कुणी समजलं नाही म्हणायला नको. दोन्ही भाषांत तो शब्द सारखाच वाईट. पण दुसऱ्यांदा कुणी दचकलं नाही.

कापडवाला मेंबर म्हणाला, "ह्या गोष्टी सभेत बोलायच्या?"

राधा त्याच्याकडे न बघता भावजींना म्हणाली, "अध्यक्षमहाराज, घरात बोलून पाहिल्या. घरातल्या गोष्टी बजेटात येत नाहीत."

भावजींनी ते गिळलं. पण ते अध्यक्ष उगीच नाहीत. म्हणाले, "बांधायचा खर्च एकदाच होईल. साफ कोण करणार? तो पगार दर साल लागेल. तो कुठून आणणार, राधाबाई?"

"तिसऱ्या पानावरून," राधा म्हणाली. "बाजारात बसणाऱ्या प्रत्येक टोपलीमागे आपण पैसा घेतो. त्या जमेतून कारंज्याची देखभाल दाखवली आहे, दर साल. टोपली ज्यांची, पैसा त्यांचा. तोच त्यांच्याकडे वळवा."

कागदांची सळसळ झाली. सगळे तिसरं पान शोधायला लागले. एकानंही ते वाचलेलं नव्हतं, हे शेवटच्या बाकावरून दिसत होतं.

"अनुमोदन?" भावजींनी विचारलं.

कोणी उठेना. अनुमोदनाशिवाय सूचना पडते, हे राधेनं मला कधीतरी सांगितलेलं. मी पदर दातात धरला. तेवढ्यात तो वखारवाला, स्वैपाकघरवाला, उठला. म्हणाला, "माझं अनुमोदन. माझ्या वखारीच्या मागं काय चालतं ते रोज मी बघतो. भिंत कुजली माझी." त्याला बायकांचं काही नव्हतं, भिंतीचं होतं. चालेल. देवसुद्धा कुणाच्या तोंडून काय बोलेल, सांगता येत नाही.

मग घासाघीस झाली. राधेनं सहा खोल्या मागितल्या, त्यांच्या चार झाल्या. नऊशे तिकडे, तीनशे बगिच्याला राहिले. झाडूवाल्या दोन मागितल्या, एक मिळाली. हात वर करून मतं घेतली. बारा विरुद्ध सात. भावजींनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, नुसती पेन्सिल धरली.

नंतर बाहेर मला म्हणाले, "अध्यक्षाला मत बरोबरी झाली तरच असतं, वहिनी."

म्हटलं, "वाचलात."

चालत घरी आलो. टांगा नको म्हणाली राधा. अर्ध्या वाटेवर तिनं विचारलं, "सासूबाई, माझं कुठं चुकलं का?"

मी म्हटलं, "कानडीत बोलताना पदर सारखा ओढत होतीस. पदर जागेवर होता."

फाल्गुन शुद्ध एकादशी

मी कुणाला काही सांगितलं नाही. देवळात चौघींना सांगितलं, पण त्यांनीच विचारलं. म्हणजे, काय ग ऊन वाढलं, असं विचारलं. मग विषय निघाला. अंबूताई म्हणाल्या, "असले शब्द चारचौघांत? आमच्या सुना नाही हो बोलणार." म्हटलं, "नाहीच बोलणार. त्यासाठी तिसरं पान वाचावं लागतं."

वेंकटेशला कोर्टात दोन वकिलांनी विचारलं म्हणे, त्या राधाबाई तुमच्या कोण? तो म्हणाला, बायको. घरी येऊन ते त्यानं तीनदा सांगितलं. एवढा तो लग्न ठरल्यावरसुद्धा बोलला नव्हता.

धुळवड

दुपारी भावजी आले. मी जरा धास्तावले होते. सभेतलं सभेत, पण घरातलं काय? ओसरीवर बसले. राधा पाणी घेऊन बाहेर आली. दाराआड थांबली नाही. त्यांच्यापुढे तांब्या ठेवला. मी मधे उभी होते, सवयीनं. दोघांनी मला वळसा घालून बोलायला सुरुवात केली.

"राधाबाई, दुसऱ्या झाडूवालीचं डोक्यातनं काढा. वर्षाच्या मध्यात बजेट फिरवता येत नाही."

"फिरवता येतं, काका. एका बाबीतनं दुसरीत वळवायचा ठराव करता येतो. बगिच्याचे तीनशे आहेत."

"आता बगिच्याला हात लावायचा नाही."

"एका बाईनं मंगळवारच्या बाजाराचं सगळं उपसायचं? तुम्ही उपसाल?"

भावजी म्हणाले, "हे काय बोलणं झालं?" आणि तिनं काय बोलणं झालं ते सांगायला सुरुवात केली. मी आत आले. चहा ठेवला. चहा झाला, गार झाला, परत तापवला. बाहेर अजून तेच. भावजींचा आवाज चढलाय, तिचा नाही. रंगानं माखलेली चार माणसं रस्त्यावर थांबून ऐकतायत. ऐकू देत.

आत्ता भावजींनी हाक मारली, "वहिनी, हिला जरा सांगा."

मी ओ दिली नाही. काय सांगायचं? तिचं बरोबर आहे.